मोठेपणी पेटी शिकताना: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

बँकेतून निवृत्त झालेले काका, दुकान सांभाळून संध्याकाळी येणारे, मुलीला क्लासला सोडायला येऊन स्वतःच पेटीपुढं (हार्मोनियमपुढं) बसलेल्या ताई. माणसं वेगळी, प्रश्न तेच. म्हणून ते एका जागी लिहून ठेवतोय. मी स्वतः त्रेचाळिसाव्या वर्षी पेटीला हात लावला, त्यामुळं या उत्तरांत शिकवणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्याची बाजू जास्त आहे.

१. माझं वय ५२. या वयात बोटं वळत नाहीत म्हणतात. उगाच हसं होईल का?

बोटं वळतात. पेटीच्या पट्टीला जोर लागत नाही आणि सुरुवातीला वेगही लागत नाही. मोठ्या माणसाला बोटं अडवत नाहीत, त्याचा कान अडवतो. तुम्ही चाळीस वर्षं नाट्यपदं, भजनं, सिनेमाची गाणी ऐकलीत. चांगलं काय हे कानाला पक्कं ठाऊक आहे, हाताला मात्र अजून सा-रे-ग सापडत नाही. आठ वर्षांच्या पोराला आपलं वाजवणं किती अडखळतंय हे कळतच नाही, म्हणून ते मजेत वाजवत बसतं. तुम्हाला पहिल्या दिवसापासून सगळं ऐकू येतं, आणि लाज वाटते. मी सोडून गेलेले जेवढे पाहिलेत, त्यातले बहुतेक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात याच लाजेपायी गेले. जे टिकले त्यांना पुढं तोच कान कामी आला, कारण चूक कुठं झाली हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

हसं म्हणाल तर पहिल्यांदा घरचेच हसतात. महिनाभरानं त्यांनाही कंटाळा येतो.

२. पेटीच का? तबला, बासरी किंवा सतार का नको?

मनात एखादं वाद्य आधीपासून असेल तर तेच घ्या, पुढचं वाचूही नका. मनात काहीच नसेल तर पेटी सोयीची, कारण पट्टी दाबली की सूर तयारच असतो. बासरीत आधी फुंकर बसावी लागते, त्यात पहिले काही आठवडे नुसती हवा जाते. सतारीत तार दाबून बोटांना आधी दुखणं, मग घट्टे. तबला उत्तम, पण घरात एकटं बसून वाजवताना गाण्याची भूक भागत नाही अशी तक्रार ऐकतो.

सतारीची ओढ असेल तर आपल्यासारखे नशीबवान आपणच. सतारी आणि तंबोरे करणारं मिरज इथून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्य घेण्याआधी एकदा तिथल्या वाद्य करणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन भोपळा कसा तासतात ते नुसतं बघून या.

३. आधी पेटी घ्यावी की आधी क्लास लावावा?

आधी क्लास. पहिला महिना क्लासच्या पेटीवर काढा आणि घरी तोंडानं सरगम म्हणा. महिन्यानंतरही जावंसं वाटलं तर पेटी घ्या. गल्लीत चौकशी केली तर कुणाच्या तरी माळ्यावर आजोबांची पेटी निघतेच. ती घेण्याआधी प्रश्न ५ वाचा.

४. दुकानात गेलो तर कपलर, स्केल चेंजर, तीन सुरांची असलं काय काय सांगतात. नेमकं काय घ्यावं?

नवशिक्याला साडेतीन सप्तकांची, दोन सुरांची साधी पेटी पुरते. दोन सुरांची म्हणजे प्रत्येक पट्टीखाली पितळी सुरांच्या (रीड्सच्या) दोन ओळी: बहुधा एक खर्जाची (खालच्या आवाजाची), एक नराची (मधल्या आवाजाची). खर्जामुळं आवाजाला भरदारपणा येतो. कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातला तोच सूर आपोआप वाजतो. ऐकायला भारी वाटतं, शिकताना मात्र त्यात चुका झाकल्या जातात. स्केल चेंजरची पेटी जड आणि महाग, आत जास्त कारागिरी, म्हणून बिघडायलाही जास्त जागा. त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये आहे.

किमती इथं मुद्दाम लिहीत नाही, सहा महिन्यांत शिळ्या होतात. एवढंच सांगतो: वरच्या पॉलिशला आणि नक्षीला पैसे देऊ नका, सुरांना द्या.

५. जुनी पेटी बघायला चाललोय. काय तपासू?

भाता भरा, एक पट्टी दाबून धरा आणि ऐका. सूर चटकन मावळला तर हवा कुठंतरी गळतेय. मग सगळे स्टॉप (सुरांच्या ओळी उघड-बंद करणाऱ्या पुढच्या खुंट्या) बंद करून भाता भरा आणि हात सोडा. भाता लगेच बसला तरी तेच दुखणं. नंतर स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारा. एखादा सूर आपणहून कुंई करत राहिला तर पट्टीखालची चामडी सरकली आहे किंवा पट्टी वाकली आहे. हे दुरुस्त होतं. शेवटी प्रत्येक सा आणि त्याचा वरचा सा एकत्र दाबा. आवाज लाटेसारखा हेलकावे खात असेल तर सूर उतरलेत, पेटी लावून घ्यावी लागेल.

भाता उंदरानं कुरतडला असेल तर घाबरू नका, भाता नवा बसवता येतो. पण लाकडाला कीड लागली असेल तर नमस्कार करून परत या.

६. कीबोर्ड आहे घरी. त्यावर चालेल?

पट्ट्या ओळखायला चालेल, इयरफोन लावून रात्री वाजवायलाही बरा. पण डाव्या हाताचा भाता त्यात नाही, आणि पेटीचा निम्मा जीव भात्यात आहे. सूर हळू कसा उगवतो, वाक्य कुठं संपतं, सगळं तिथं ठरतं. मोबाइलवरच्या पेटीला वाद्य म्हणू नये, पण मोबाइलवरचा तंबोरा आणि तबला मात्र जरूर वापरा.

७. "काळी एक", "पांढरी चार" म्हणजे काय? माझी पट्टी कोणती?

पट्टी या शब्दानं गोंधळ होतो. बोटानं दाबायची ती पट्टी, आणि गाणाऱ्यानं ज्या सुराला सा मानला तीही त्याची पट्टी. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. जिथं दोन काळ्यांची जोडी दिसते तिच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक. तिथून उजवीकडं पांढऱ्या वेगळ्या मोजायच्या, काळ्या वेगळ्या. जोडीतल्या दोन म्हणजे काळी एक आणि दोन; तिघींच्या गटातल्या तीन, चार, पाच.

पुरुषांचा सा साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार, काळी पाचच्या आसपास. साधारण म्हणतोय, नियम नाही. खालचा प आणि वरचा सा दोन्ही न ओरडता लागले की ती तुमची पट्टी.

८. रोज किती वेळ द्यायचा?

वीस मिनिटं, पण रोज. रविवारी तीन तास बसून आठवडाभर पेटी झाकून ठेवणारे कुठं पोचलेले पाहिले नाहीत. आणि पेटी पेटाऱ्यात ठेवू नका. बाहेर, स्वच्छ कापड टाकून, हात जाईल अशी ठेवा. पेटारा उघडायचा आळस हा रियाझाचा मोठा शत्रू आहे, हे मी दोन वर्षं वाया घालवून शिकलो.

९. भाता कसा मारायचा? माझा सूर धक्के खातो.

भाता रिकामा व्हायची वाट बघू नका. थोडा भरलेलाच ठेवायचा आणि छोट्या, सलग हालचालींनी भरत राहायचा. श्वासासारखं. धक्का बसतो तो बहुधा उजवा हात घाबरला की डावाही दचकतो म्हणून. आठवडाभर एकच सूर दाबून फक्त भाता मारा. कंटाळवाणं आहे पण इलाज हाच. सगळे स्टॉप बंद असताना जोरात भाता मारू नका, आतल्या भात्यावर ताण येतो. उठताना एखादी पट्टी दाबून उरलेली हवा काढून टाका.

१०. अलंकारांचा कंटाळा आलाय. गाणं कधी वाजवायचं?

आजच. पण आधी हा खेळ करा, माझ्या वर्गात याच्याइतकं कशानंच मोठ्यांचे डोळे चमकलेले पाहिले नाहीत. पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही, फक्त काळ्या. काळी तीनला सा मानून ओळीनं वर जा: सा रे ग प ध. हा भूप. आता त्याच पाच काळ्या, पण काळी एकला सा माना: सा रे म प ध. झाला दुर्गा. काळी पाचला सा माना, तर ग, ध आणि नि कोमल होतात, प नाहीसा होतो आणि समोर मालकंस उभा. काळी चारवरून सुरू केलंत तर सा रे म प आणि कोमल नि, म्हणजे मधमाद सारंगाचे सूर.

पाचच पट्ट्या, चार रागांचे सूर. बदललं ते फक्त घर, म्हणजे सा. नुसत्या सुरांनी राग होत नाही, त्याची चालचलणूक गुरूकडून घ्यावी लागते, पण सा म्हणजे काय हे पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा या खेळात लवकर कळतं. मागं मोबाइलवर त्या-त्या सा चा तंबोरा लावलात तर आणखी लवकर.

मग अलंकारांकडं परत या. सारेग, रेगम, गमप हा व्यायाम भूपाच्या पाच सुरांतही करता येतो: सारेग, रेगप, गपध. कंटाळा निम्मा होतो.

११. कोणतं बोट कुठं? एक सर अंगठा वापरा म्हणतात, दुसरे नको म्हणतात.

दोन्ही पद्धती चालतात. पांढरी एकवरून वाजवताना अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांनी सा रे ग आणि मग अंगठा खालून घालून म, हा बऱ्याच ठिकाणी शिकवला जाणारा क्रम. एका गुरूकडं असाल तोवर त्यांचाच धरा. दोन्ही पद्धतींची खिचडी केलीत तर द्रुत लयीत बोटं एकमेकांत अडकतात.

१२. एकटा असताना बरोबर वाजतं. तबला लावला की सगळं कोलमडतं.

हे मोठ्यांचं खास दुखणं. आपल्याला आयुष्यभर सवय असते की चूक झाली तर थांबायचं, दुरुस्त करायचं, मग पुढं. तबला तुमच्यासाठी थांबत नाही. त्यामुळं नियम उलटा करा: सूर चुकला तर चुकू द्या, मात्रा सोडायची नाही.

सुरुवात पेटी न घेता करा. दादऱ्याच्या सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना, हातावर टाळी देत म्हणा. मग केरव्याच्या आठ. रंकाळ्यावर फिरायला जात असाल तर पावलांवर म्हणा, कुणी बघत नाही. मग मोबाइलवर ठेका अगदी संथ लावून फक्त समेवर (पहिल्या मात्रेवर) सा वाजवा, बाकी मात्रा मोकळ्या. आठवडाभर एवढंच. त्रितालाच्या सोळा मात्रांची घाई नको.

१३. दोन पुस्तकांत एकाच गाण्याची टिंबं उलटी आहेत. छपाईची चूक का?

नाही, सूर लिहायच्या दोन वेगळ्या लिप्या आहेत. भातखंडे पद्धतीत सुराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक आणि डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं). पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब, अर्थ थेट उलटा. भर म्हणजे भातखंडे पद्धतीत डोक्यावरची उभी रेघ तीव्र मध्यमाला लागते. पुस्तक उघडल्यावर पहिली दोन पानं, चिन्हांची यादी असते ती, वाचा. एका वहीत एकच पद्धत ठेवा.

१४. यूट्यूबवरून शिकलो तर? गोविंदराव टेंबेसुद्धा स्वतःच शिकले म्हणतात.

नामवंत पेटीवादक टेंबे (१८८१–१९५५) आपल्या कोल्हापूरचेच, आणि पेटी ते बऱ्याच अंशी स्वतःच शिकले हे खरं. पण ते कुठं बसून शिकले ते पण बघा. १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लब या गाण्याच्या संस्थेत त्यांची ऊठबस होती. शाहू महाराजांच्या आश्रयानं थोर गवई अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहत होते, असली गाणी कानावर पडत होती. हाताला गुरू नसेल, कानाला होते.

तुम्ही बोटांची ठेवण, भाता, पट्ट्यांची नावं यूट्यूबवर बघा, काही बिघडत नाही. पण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी माणसानं समोर बसून तुमचं ऐकायला हवं. व्हिडिओ तुम्हाला दिसतो, तुम्ही व्हिडिओला दिसत नाही. आणि गावात मैफल असली की जा. प्रश्न १ मधल्या कानाला खाऊ तिथं मिळतो.

१५. भजनी मंडळात साथीला बोलावलंय. मी पांढरी एकवर शिकलो, बुवा काळी चारवर गातात. स्केल चेंजर घेऊ का?

स्केल चेंजरनं पट्ट्या सरकतात, तुम्ही पांढरी एकचीच बोटं चालवायची आणि सूर काळी चारचे निघतात. अडलेल्या वेळी सोय मोठी. तरी माझं मत, पहिली दोन वर्षं घेऊ नका. एकच गाणं दर आठवड्याला वेगळ्या पट्टीत वाजवा, आणि बुवांची काळी चार आधी पक्की करा. मंडळाच्या पेटीला स्केल चेंजर नसला की तुमचे हात रिकामे राहतील.

साथीचं आणखी एक. बुवांचा प्रत्येक सूर पकडायला धावू नका. ते गाताना हलका आधार द्या, त्यांनी श्वास घेतला की तेवढी जागा भरा. नव्या साथीदारानं जास्त वाजवलं तर खपतं, पण बुवांच्या पुढं जाऊन वाजवलेलं खपत नाही. मला पहिल्या एकादशीला बुवांनी गाता गाताच हातानं "थांब" केलं होतं. पुरे झालं तेवढं.

१६. परीक्षा द्यायला वयाची अट आहे का? द्यावी का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मोठी माणसंही बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद, पुढं अलंकार, अशी चढण. ठरलेली तारीख समोर असली की हात चालतो, अशा स्वभावाच्या माणसानं द्यावी. ज्याला फक्त आरत्या आणि चार अभंग वाजवायचेत त्यानं न दिली तरी काही अडत नाही. शेजारी दहा वर्षांची पोरं बसलेली असतात, त्याची तयारी ठेवा. ती तुम्हाला काका म्हणून अथपासून इतिपर्यंत सगळं समजावून सांगतात.

१७. मी उद्यमनगरात फौंड्रीत काम करतो, बोटं राठ झालीत. आणि बायकोला मांडी घालून बसता येत नाही.

राठ कातडीनं पेटीला काही होत नाही. बासरीला मात्र छिद्र नीट झाकायला थोडा त्रास होईल. कामावरून आल्या आल्या बसू नका, हात कोमट पाण्यानं धुऊन, अर्धा तास सोडून बसा. एखादं बोट सकाळी आखडून मग टक्कन सुटत असेल तर ते रियाझाचं दुखणं नव्हे. मधुमेह असणाऱ्यांत ते जास्त दिसतं, डॉक्टरांना दाखवा.

वहिनींनी खुशाल खुर्चीवर बसावं. पेटी एवढ्या उंचीच्या टेबलावर ठेवा की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. मांडी घातल्याशिवाय सूर लागत नाही हा नुसता समज आहे.

१८. फ्लॅटमध्ये राहतो. शेजारी तक्रार करतात.

एकाच ओळीचा स्टॉप उघडा, पेटीखाली जाड घोंगडी घाला, शेजाऱ्यांच्या भिंतीपासून लांब, घराच्या आतल्या बाजूला सरका, आणि वेळ ठरवून त्यांना सांगा. रोज साडेसात ते आठ हे ठाऊक असलं की माणसं सहन करतात. खरं तर त्यांना आवाजाचा कमी आणि त्याच ओळीचा जास्त त्रास होत असतो.

१९. आमचे एक ओळखीचे गवई म्हणतात पेटी बेसूर असते, शिकूच नका. खरं का?

अर्धं खरं. पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. एका भागाचे शंभर कण धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ कण चढा लागतो. चांगला जुळलेला तंबोरा छेडा, खर्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप ऐकू येतो, तो पेटीच्या गंधाराशेजारी ठेवा. फरक कानाला कळतो. पेटीवर मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही. अशाच आक्षेपांमुळं १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती.

पण मुळात १८४२ मध्ये पॅरिसला पेटंट झालेलं हे वाद्य आपल्या नाटकवाल्यांनी, कीर्तनकारांनी आणि भजनी मंडळांनी इतकं आपलंसं केलंय की ते आता कुणाच्या परवानगीनं वाजत नाही. गवयांचं ऐका ते एवढ्यापुरतं: गळा पेटीवर नाही, तंबोऱ्यावर घासा. तुम्ही गायक व्हायला निघाला नसाल तर त्या १४ कणांनी तुमचं जेवण खारट होत नाही.

२०. पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. आणि पुरात पेटी भिजली तर?

आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात. पट्टी जबरदस्तीनं हलवू नका, घरच्या घरी कानस तर मुळीच मारू नका. थंडी आली की बऱ्याच आपणहून मोकळ्या होतात. पेटी भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, कोरड्या दिवशी तासभर उघडी ठेवा. उंदरांसाठी डांबरगोळ्या ठेवायच्या तर त्या कापडात बांधून, सुरांपासून दूर. रोज वाजवणं हाही उपायच आहे, भात्यातून हवा खेळती राहते.

भिजलेल्या पेटीचे प्रश्न २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर ढिगानं आले. भाता मारून बघायचा मोह आवरा. आत गाळ असेल तर तो सुरांच्या फटीत जाऊन बसतो. उन्हात ठेवू नका, सरस सुटतो आणि फळ्या वाकतात. वरचं झाकण आणि जाळी काढा, पाणी निथळू द्या, सावलीत पंख्याखाली आठ-दहा दिवस ठेवा, मग कारागिराकडं न्या. पितळी सूर बहुतेक वेळा साफ होऊन परत लागतात. चामडी आणि भात्याचा कागद नवा बसवावा लागतो. लाकूड उकललं असेल तर कारागिराला खर्च आधी विचारा, कधी कधी जुने सूर काढून नव्या खोक्यात बसवणं स्वस्त पडतं.

आणि पुढच्या जूनला पेटी माळ्यावर चढवा. जड आहे म्हणून खालीच ठेवली होती, हे कारण दोन्ही पुरांनंतर पुष्कळांकडून ऐकलं.